फुलाबाईंची सहावी ओवी

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. गोष्ट सांगायला बसलो खरा, पण आधीच सांगून ठेवतो, तिच्यात शाबासकी मिळवण्यासारखे फार थोडे आहे. जे आहे ते आधी पटकन सांगून टाकतो आणि मग ज्याची लाज वाटते तिकडे वळतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझी पेटी अक्रोडाच्या लाकडाची, समोर सोनेरी जाळीचे कापड, त्याखाली काचेची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा तांबडा काटा. इंदापुरात राहणाऱ्या मिशनच्या मडमसाहेबांनी मला विकत घेतले होते. एक्कावन्न साली त्या कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी मला इथल्या ख्रिस्ती मंडळीला भेट दिले. मंडळी म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली पंचवीस-तीस घरे. कुणी शेतावर कामाला जायचे, कुणी रस्त्याच्या खडीवर, दोघेचौघे मास्तर होते. त्यांचे देऊळ छोटेसे, कौलारू, शेणाने सारवलेले. त्या देवळात वेदीच्या बाजूला एका टेबलावर मला बसवले आणि वर विणलेला रुमाल घातला.

तेव्हा इंदापुरात वीज नव्हती. मी बॅटरीवर चालायचो. बारामतीहून बादशाहभाई नावाचे सायकल आणि रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आले. त्यांनी दोन बांबू उभे करून तार ताणली, दुसरी तार जमिनीत पुरली आणि सांगितले, "हितं रोज तांब्याभर पानी वता. माती सुकली की ह्येचा आवाज बसतोय." त्या दिवसापासून देवळात आलेला माणूस आधी माझ्या तारेला पाणी घालायचा आणि मग प्रार्थनेला गुडघे टेकायचा. मला ते फार आवडायचे. आता आठवले की अंग चोरून घ्यावेसे वाटते.

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते कुंडलिकराव. माणूस भला, शिकलेला, पण नव्याची ओढ जरा जास्त. रविवारच्या उपदेशात ते माझाच दाखला द्यायचे. म्हणायचे, "बंधुभगिनींनो, आत्ता या क्षणी हवेत गाणी भरलेली आहेत. आपल्याला ऐकू येत नाहीत, म्हणून ती नाहीत असे नाही. काटा जुळवला पाहिजे. देवाचा शब्दही असाच आहे." माणसे माना डोलवायची आणि माझ्याकडे बघायची. मी मनातल्या मनात फुगायचो.

दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर दोन भावांची एक श्रुतिका लागायची. धाकटा भाऊ भांडून घर सोडतो आणि थोरला रोज दाराची कडी काढून झोपतो, अशी ती गोष्ट होती. ती ऐकायला वस्तीतलीच नव्हे, गावातलीही माणसे देवळाच्या पायरीवर येऊन बसत. त्यापुढच्या रविवारी कुंडलिकराव तीच कडी घेऊन बायबलातल्या उधळ्या पुत्राचा दाखला समजावून सांगत, आणि खरे सांगतो, तो उपदेश चांगला असे. एकदा तर ऐकता ऐकता मुकादम सर्जेराव उठून आपल्या भावाकडे गेले. सात वर्षांचा अबोला त्या दिवशी सुटला. माझ्या आयुष्यातली एवढी एक गोष्ट मी ताठ मानेने सांगू शकतो.

आता फुलाबाईंबद्दल सांगतो.

फुलाबाई सत्तरीच्या होत्या. अंगाने काटकुळ्या, कपाळ मोकळे, नेसायला हातमागाचे जाडेभरडे लुगडे. वाचता येत नव्हते, पण बायबलातल्या गोष्टी तोंडपाठ. तरुणपणी त्यांना एक मुलगी झाली आणि आठ महिन्यांची होऊन तापात गेली. पुन्हा मूल झाले नाही. त्याच साली त्यांनी देवळात पहिल्यांदा नाताळची गोष्ट ऐकली. मुलीची रिकामी झोळी घरात टांगलेलीच होती. ती सोडून त्या देवळात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी झोळी मोकळी हाय आन देवाच्या लेकराला निजायला जागा न्हाय. तवा ह्यात निजवा त्याला."

तेव्हापासून त्या मंडळीत रीतच पडली. नाताळच्या पहाटे बायका देवळाच्या तुळईला धुतलेल्या लुगड्याची झोळी बांधत. भोवती ज्वारीची हिरवी ताटे, उसाचे वाढे, झेंडूची फुले. झोळीत बाहुली नाही की काही नाही, फक्त घोंगडीचा एक तुकडा. मग फुलाबाई खाली बसत, दोरी हातात घेत आणि पाळणा म्हणत. तो कुठल्या पुस्तकातला नव्हता. जात्यावर दळताना त्यांनीच जुळवलेला होता आणि चालही जात्याचीच होती.

थंडीच्या दिसात आलं दारी लेकरू पाहुणं,
गव्हाणीत निजवू त्याला मऊ गवत आथरून.

अशा सहा ओव्या होत्या. पाच मोठ्याने. सहावी मात्र त्या झोळीत तोंड घालून अगदी हळू म्हणायच्या, बाळाच्या कानात सांगावे तशी. ती कुणालाच नीट ऐकू येत नसे आणि कुणी विचारतही नसे. सगळे डोळे पुसत आणि नाताळ सुरू होई.

माझे आणि त्यांचे एकदाच वाजले. म्हणजे वाजले माझ्या बाजूनेच, त्यांना पत्ताही नव्हता. कुंडलिकरावांचा तो हवेतल्या गाण्यांचा उपदेश झाल्यावर त्या दारात थांबून म्हणाल्या, "पाळकसाहेब, रेडिव बोलतोय आन आपन ऐकतोय, हे खरं. पर आपलं गाऱ्हानं त्येला ऐकू जातंय का? देवाला जातंय. मग देव रेडिवसारखा कसा?"

कुंडलिकराव हसले आणि म्हणाले, "फुलाबाई, दाखला हा दाखल्यापुरताच असतो." मला मात्र राग आला. या अडाणी म्हातारीने चारचौघांत माझी किंमत कमी केली, असे मला वाटले. मी तो राग धरून ठेवला.

चोपन्न साली नाताळच्या आधी बातमी आली की पुणे केंद्रावरून नाताळच्या दिवशी सकाळी आठ वाजता शहरातल्या मोठ्या गायकवृंदाची ख्रिस्तजन्माची गीते लागणार आहेत. त्याच दिवशी मंडळ्यांची पाहणी करणारे मोठे साहेबही इंदापूरला यायचे होते. कुंडलिकरावांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी ठरवले की यंदाची उपासना रेडिओच्या गाण्यांनी व्हायची. पहाटेची उपासना आठावर गेली, कारण मी आठ वाजता गाणार होतो.

सराव म्हणून ते आदल्या आठवड्यात पुण्याची भक्तिगीते लावून सगळ्यांना ऐकवू लागले. त्यात एक ओळखीचे गीत आले. चाल आमच्या मंडळीपेक्षा निराळी होती, सरळ आणि जलद. माझ्या समोर बसलेली माणसे एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हळूच म्हणाले, "म्हंजी आमी इतकी वर्सं चुकीचंच म्हनत आलो व्हय?"

मित्रांनो, चूक कुणाचीच नव्हती. पुण्यातल्या लोकांची एक चाल होती आणि यांची एक. पण या मंडळीला सवय अशी की जे लांबून येते, छापलेले असते, साहेबाच्या किंवा यंत्राच्या तोंडून येते, ते खरे. आपल्या तोंडचे ते गावठी. त्या दिवशी पंचवीस घरांनी आपला गळा आपणहून खोटा ठरवला, आणि मी जाळीच्या कापडामागे बसून ते मान्य केले.

मग कुंडलिकराव फुलाबाईंकडे वळले. ते जरा चाचरतच बोलले. "फुलाबाई, यंदा साहेब आहेत. रेडिओवर पाळणाही आहे म्हणतात. तर तुमचा... यंदापुरता राहू द्यायचा का?"

फुलाबाईंनी पदर सारखा केला. "ऱ्हाऊ द्या की. त्येंचा गळा ग्वाड असंल."

"झोळी मात्र बांधा हं, यंदा मागे, दाराजवळ. शोभा येते."

"बांधते," त्या म्हणाल्या.

नाताळ उजाडला. देऊळ गच्च भरले. साहेब खुर्चीवर. कुंडलिकरावांनी बरोबर आठाला माझा काटा फिरवला आणि माझ्यातून ते भव्य गाणे निघाले. सगळी मंडळी उठून उभी राहिली. हात जोडले. तोंडे माझ्याकडे आणि पाठी झोळीकडे.

उभ्या माणसांमधल्या फटीतून मला एकट्या फुलाबाई दिसत होत्या. त्या सवयीने दोरी धरून बसल्या होत्या. गाण्याबरोबर झोळी हलवायला त्यांनी दोनदा सुरुवात केली. पण गाणे जलद होते. त्या वेगाने झोळी हलवली असती तर आतले मूल बाहेर पडले असते. त्या थांबल्या, पुन्हा धरून पाहिले, आणि मग त्यांनी दोरी सोडून दिली. हात मांडीवर ठेवला. मी मात्र गातच राहिलो. उलट, आता कळले ना कोण मोठा, असेही माझ्या मनात येऊन गेले. हे कबूल करताना आजही माझ्या तारा गरम होतात.

गाणी संपली. ती संपली हे कुणाला कळलेच नाही. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. मी निवेदकाच्या आवाजात म्हणालो, "पुणे आणि आसपासच्या भागात हवा कोरडी राहील. रात्रीच्या तापमानात घट होण्याची शक्यता आहे." आणि मागच्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "आमेन."

पाठोपाठ सगळ्यांनी म्हटले. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. कुंडलिकरावांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी घाईघाईने मला बंद केले. तुम्हाला हसू येत असेल, हसा. पण पुढचे ऐका.

साहेब बाहेर पडताना झोळीपाशी थांबले. त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, हे काय आहे?"

कुंडलिकराव आधीच ओशाळले होते. आणखी गावठीपणा दिसायला नको, म्हणून ते पटकन म्हणाले, "काही नाही साहेब. नुसती सजावट आहे."

फुलाबाई तिथेच बसलेल्या होत्या. त्यांनी ऐकले. सगळे गेल्यावर त्यांनी झोळीच्या गाठी सोडल्या, घोंगडीचा तुकडा झटकला, लुगड्याची घडी केली आणि घरी गेल्या.

त्यानंतरही त्या दर रविवारी यायच्या. कुंडलिकरावांना "सलाम साहेब" करायच्या, माझ्या तारेला पाणीही घालायच्या. पण गाणे सुरू झाले की त्यांचे ओठ मिटलेले. शेजारची बनाबाई त्यांना मावशी म्हणायची. एकदा ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "मावशी, मला तुमचा पाळना शिकवा की. समदा, शेवटल्या ओवीसकट."

"शिकवीन," फुलाबाई म्हणाल्या. "घाई काय हाय? आता रेडिव हाय की तुमास्नी."

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरेच तसे समजून बोलत होत्या. म्हणूनच ते मला जास्त लागले. पहिल्यांदा मला वाटले की आपण काहीतरी हिरावून घेतले आहे, आणि ते परत कसे द्यायचे हे आपल्या कुठल्याच बटणात नाही.

पुढच्या भादव्यात फुलाबाईंच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बनाबाई रोज त्यांच्याकडे जायची, पेज पाजायची. म्हातारी तिच्याकडे बघून ओठ हलवायची, पण शब्द येत नसे.

डिसेंबरात माझी बॅटरी उतरली. कुंडलिकराव मला मांडीवर घेऊन एस.टी.ने बारामतीला बादशाहभाईंच्या दुकानात गेले. बादशाहभाई म्हणाले, "साहेब, ही बॅटरी पुन्यावरनं यायची हाय, आन नाताळच्या आत काय यायची न्हाय. पर तुमाला रेडिव लागतोय कशाला? तुमची ती म्हातारी गाती की. मी तार बांधायला आलतो त्या साली नाताळला मुद्दाम थांबलो व्हतो. अजून ध्यानात हाय माझ्या." आणि हातातला पाना टेबलावर हळूहळू आपटत ते गुणगुणले:

मेंढक्यानं काढिलं खांद्यावरलं घोंगडं,
निज निज माझ्या राजा, बाहिर वारं थंडं.

कुंडलिकरावांनी ओवी संपेपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "त्यांचा आवाज गेला, बादशाहभाई. पण त्याच्या आधी तो मी बंद केला होता." एवढे बोलून ते दुकानाच्या फळीवर खाली मान घालून बसले. बादशाहभाईंनी चहा मागवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाळक माणसाला दुसऱ्या धर्माच्या माणसापुढे रडताना मी प्रथमच पाहिले. मी तिथेच टेबलावर होतो. गुन्ह्यातला अर्धा वाटा माझा होता आणि मला तर रडताही येत नव्हते.

त्या नाताळला उपासना पुन्हा पहाटे झाली. कुंडलिकरावांनी मला टेबलावरून उचलून कोपऱ्यात ठेवले. फुलाबाईंच्या पाळण्यासाठी मी मुद्दाम गप्प बसलो, असे मी तुम्हाला सांगू शकलो असतो. पण खरे कारण एवढेच होते की माझ्यात बॅटरी नव्हती.

फुलाबाईंना बाजेवरून आणले. झोळी बांधलेली होती. कुंडलिकराव मंडळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी या झोळीला मी सजावट म्हणालो. प्रभूच्या पाळण्याला सजावट म्हणालो. फुलाबाई, मला क्षमा करा." मग त्यांनी खाली वाकून फुलाबाईंच्या पायांना हात लावला. पाळकाने असे करायची रीत त्या मंडळीत नाही, पण कुणी हरकत घेतली नाही.

बनाबाईने दोरी फुलाबाईंच्या डाव्या हातात दिली. फुलाबाईंनी ती ओढली. झोळी हलली. जात्याच्या गतीने, संथ. दोन झोके गेले, तीन गेले, आणि बनाबाईच्या तोंडातून आपोआप पहिली ओवी निघाली. दुसरी कुणा म्हातारीला आठवली. तिसरी मेंढक्याची. ती कुंडलिकरावांनी बारामतीहून आणलीच होती, त्यांनी बसक्या आवाजात म्हटली. चौथीचा एक शब्द अडला तर सर्जेरावांनी पुरवला. ज्यांनी वर्षापूर्वी आपला गळा खोटा ठरवला होता, ती सगळी माणसे एका हाताच्या झोक्यावर एक एक ओवी शोधून आणत होती. पाच ओव्या झाल्या.

मग फुलाबाई पुढे झुकल्या. त्यांनी झोळीत तोंड घातले. ओठ हलले. सहावी ओवी. आवाज नाही.

बनाबाईने त्यांच्या तोंडाशी कान नेला. बनाबाईने वर पाहिले आणि विचारले, "शेवटली कुनाला येती का? कुनाला तरी?" माणसे एकमेकांकडे बघू लागली. कुणालाच येत नव्हती.

उन्हाळ्यात फुलाबाई गेल्या. ती मंडळी अजूनही नाताळच्या पहाटे झोळी बांधते, पाच ओव्या म्हणते आणि सहावीच्या वेळी नुसती झोळी हलवते. परमेश्वराला ती ओवी ठाऊक आहे, असे कुंडलिकराव म्हणतात. असेलच. त्याला ऐकू जाते.

पण मित्रांनो, मला का येत नाही, ते ऐका. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. तीन नाताळ मी त्या झोळीपासून चार हातांवर होतो. माझ्याइतका जवळ तिथे कुणीही नव्हता. बायका झोळीच्या पलीकडे, पुरुष मागे, आणि मी अगदी फुलाबाईंच्या तोंडासमोर. ती ओवी माझ्या कानावर तीनदा पडली आहे. पण पहिल्या साली मी माझ्या नव्या रुमालाच्या विचारात होतो. दुसऱ्या साली म्हातारीचे आटोपले की मला लावतील का, याची वाट बघत होतो. तिसऱ्या साली मी तिच्यावर रागावलेला होतो. एकदाही मी लक्ष दिले नाही. रात्रंदिवस आठवून पाहतो. "निज" एवढा एक शब्द आठवतो, आणि तो तर पाचही ओव्यांत आहे. त्या आठ महिन्यांच्या मुलीचे नाव त्या ओवीत होते की काय, तेही मला सांगता येत नाही.

तुमच्या घरीही कुणी आजी असेल, आत्या असेल. तिला काहीतरी येत असेल, जे कुठे छापलेले नाही आणि कुठल्याही केंद्रावरून लागत नाही. आज तिच्याजवळ जाऊन बसा. तिला म्हणा, आजी, सगळे म्हण, हळू म्हणतेस तेही म्हण. आणि तिने तोंड उघडण्याआधी घरात माझा एखादा भाऊबंद बोलत असेल, तर आधी त्याला बंद करा.